'उत्पादक' कोण? पॉइनसेट काउंटीतील कापूस-अनुदान आणि करारनाम्याची भाषा

१

सरकारने शेतकऱ्यांना दिलेल्या पैशाचा इतिहास बहुधा आकड्यांच्या आधारे लिहिला जातो. किती एकर जमीन पडीक ठेवली, किती गाठी कापूस कमी पिकला, किती डॉलर वाटले गेले, या प्रश्नांची उत्तरे सरकारी तक्त्यांत मिळतात आणि अर्थशास्त्राच्या अभ्यासकास ती पुरेशीही असतात. परंतु वाटलेला पैसा अखेर कोणाच्या हाती पडला, या प्रश्नाकडे वळताच तक्ते अपुरे पडू लागतात. कारण तक्त्यातील प्रत्येक रकान्यास एक नाव असते, आणि ते नाव कोणास लागू करावयाचे हे तक्ता तयार होण्यापूर्वीच कोणीतरी ठरवलेले असते. हे ठरवण्याचे काम कायद्याच्या आणि करारनाम्याच्या भाषेत होते. म्हणून भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने या विषयात थोडे लक्ष घातल्यास ते अगदीच अनाठायी ठरू नये.

प्रस्तुत लेखात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील अर्कान्सा राज्याच्या पॉइनसेट या एका काउंटीचा विचार केला आहे. काउंटी म्हणजे राज्याखालील प्रशासकीय घटक. आपल्याकडील जिल्ह्याशी तो जवळचा आहे. १९३३ ते १९३९ या काळात तेथे व शेजारच्या मुलखात कापूस-अनुदानाचे जे वाटप झाले, त्यात कष्टकऱ्याचा वाटा ठरवण्याचे काम मुख्यतः तीन-चार शब्दांनी केले, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. या शब्दांचा अर्थ लावण्यावरून माणसे जमिनीवरून उठवली गेली, एक संघटना जन्मास आली, आणि वॉशिंग्टन येथे शेतीखात्याच्या काही अधिकाऱ्यांना नोकरीसही मुकावे लागले.

२

पॉइनसेट काउंटी राज्याच्या ईशान्य भागात आहे. तिच्या पूर्वेकडील सखल, दलदलीच्या प्रदेशातून सेंट फ्रान्सिस नदी वाहते. या भागातील जंगल विसाव्या शतकाच्या आरंभी लाकडाच्या व्यापाऱ्यांनी तोडले आणि मोकळ्या झालेल्या काळ्या, सुपीक जमिनीवर कापसाचे मोठे मळे उभे राहिले. टायरोन्झा, मार्क्ड ट्री, लेपँटो ही गावे या मळ्यांच्या आधाराने वाढली. मालकांपैकी काहीजण स्थानिक होते, तर काही दूरच्या शहरांत राहणारे.

मळ्यांवर राबणाऱ्यांचे तीन प्रमुख वर्ग होते आणि पुढील विवेचनासाठी ते नीट वेगळे करून पाहिले पाहिजेत. पहिला, रोख खंड देऊन जमीन करणारा. दुसरा, स्वतःची खेचरे व अवजारे असलेला वाटेकरी. हा पिकाचा तिसरा किंवा चौथा हिस्सा मालकास देई. तिसरा, ज्याच्यापाशी अंगमेहनतीखेरीज काहीच नाही असा 'क्रॉपर'. त्यास जमीन, खेचर, बी-बियाणे, राहावयास झोपडी, सर्व मालकाकडून मिळे आणि पिकाचा अर्धा हिस्सा त्याचा मानला जाई. हंगाम हाती येईपर्यंत त्याचे कुटुंब मालकाच्या दुकानातून उधारीवर चाले. आपल्याकडील खावटीच्या पद्धतीशी हा प्रकार बराच जुळतो. वर्षअखेरीस हिशेब होई, तोही मालकाच्याच वहीत, आणि अर्ध्या पिकातून उधारी व व्याज वजा जाता हाती फारसे काही उरत नसे.

या तिसऱ्या वर्गाचे कायद्यातील स्थान मोठे संदिग्ध होते. संघराज्याच्या जनगणनेत १९२० पासून दक्षिणेकडील क्रॉपरांची संख्या वेगळी दाखवली जाऊ लागली. परंतु ती 'टेनंट' म्हणजे कूळ या मोठ्या वर्गाचा एक पोटभेद म्हणूनच. उलटपक्षी दक्षिणेतील कित्येक राज्यांच्या न्यायालयांनी क्रॉपर हा कूळ नसून पिकाच्या रूपाने मजुरी घेणारा गडी आहे, असे मानले होते. एकच माणूस जनगणनेच्या वहीत कूळ होता आणि न्यायालयाच्या दृष्टीने मजूर होता. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर अर्धेलीने जमीन करणारा आणि सालगडी या दोहोंच्या सीमेवर तो उभा होता. सीमेवर उभ्या असलेल्या माणसास कोणत्या बाजूस ओढावयाचे, हे ज्याच्या हाती शब्द आहे त्याच्या सोयीने ठरते.

३

१९२९ साली कापसाचा भाव पौंडास सुमारे १७ सेंट होता. १९३१-३२ च्या सुमारास तो ६ सेंटांच्या आसपास येऊन ठेपला. उत्पादन कमी केल्याशिवाय भाव चढणार नाहीत, या विचाराने १२ मे १९३३ रोजी शेती-समायोजन कायदा मंजूर झाला. १९०९ ते १९१४ या वर्षांत शेतमालास जी क्रयशक्ती होती ती पुन्हा मिळवून द्यावयाची, असे या कायद्याचे उद्दिष्ट होते. लागणारा पैसा मालावर प्रथम प्रक्रिया करणाऱ्या कारखानदारांवर कर बसवून उभा करावयाचा होता. कापसाच्या बाबतीत हा कर पौंडास ४.२ सेंट होता.

कायदा झाला तेव्हा कापूस पेरून झालेला होता. म्हणून पहिल्या वर्षी उभे पीक नांगरून टाकण्याचा करार करण्यात आला, आणि त्या उन्हाळ्यात देशभरात सुमारे १ कोटी एकरांवरील कापूस मातीत गाडला गेला. या वर्षीच्या पैशाचे स्वरूप भरपाईचे होते. भरपाई नष्ट झालेल्या पिकाची. आणि त्या पिकात क्रॉपराचा अर्धा हिस्सा रूढीनेच मान्य होता. म्हणून ज्याचा पिकात जितका हितसंबंध तितका त्याचा पैशात वाटा, असे तत्त्व ठरले. व्यवहारात हा पैसा मालकाच्या हातून जाई आणि पुष्कळदा जुन्या उधारीत जिरून जाई. तथापि तत्त्व म्हणून तरी अर्धा वाटा कोणी नाकारला नव्हता.

१९३४-३५ च्या करारनाम्यात मात्र एक शब्द बदलला आणि त्याबरोबर सर्व हिशेब बदलला. या वेळी पीक पेरावयाचेच नव्हते; नेहमीच्या क्षेत्रापैकी सुमारे ४० टक्के जमीन कापसाखालून काढावयाची होती. या जमिनीसाठी द्यावयाच्या मुख्य रकमेस 'रेंटल' म्हणजे खंड असे नाव देण्यात आले. सरकार जणू ती जमीन शेतकऱ्याकडून खंडाने घेत आहे, अशी कल्पना होती. आता पिकाची भरपाई पिकवणाऱ्यांत वाटली जाते, पण खंड हा जमिनीच्या धन्याचाच असतो. एकदा रकमेस खंड म्हटल्यावर क्रॉपरास त्यातून वगळण्यासाठी वेगळे कारण देण्याची आवश्यकताच उरली नाही.

हिशेब असा होता. पडीक ठेवलेल्या जमिनीच्या सरासरी उत्पन्नावर पौंडामागे ३.५ सेंट खंड, आणि त्याखेरीज पौंडामागे १ सेंट समता-रक्कम. क्रॉपरास खंडातून काहीच नाही. समता-रकमेतून अर्धा सेंट. म्हणजे एखाद्या क्रॉपराच्या वाट्याच्या जमिनीवर १,००० पौंड कापूस कमी करावयाचा असेल, तर सरकारकडून येणाऱ्या ४५ डॉलरांपैकी ४० मालकाचे आणि ५ क्रॉपराचे. पहिल्या वर्षी तत्त्वतः अर्धा असलेला वाटा दुसऱ्या वर्षी नवव्या हिश्श्यावर आला. स्वतःची जनावरे असून मालकाच्या देखरेखीवाचून शेती करणाऱ्या वाटेकऱ्यास मात्र खंडाचाही अर्धा भाग मिळे. साहजिकच अशा वाटेकऱ्यास क्रॉपर ठरवण्यात मालकाचा उघड फायदा होता.

करारनाम्यावर सही करणाऱ्यास 'प्रोड्यूसर' म्हणजे उत्पादक म्हटले होते. रोजच्या भाषेत उत्पादक म्हणजे जो पिकवतो तो. पण करारनाम्यात या शब्दाचा अर्थ सही करण्याचा अधिकार असलेला असा होता, आणि क्रॉपरास तो अधिकार नव्हता. तक्रार करावयाची झाल्यास ती काउंटीच्या समितीपुढे करावयाची. ही समिती करारावर सही करणाऱ्यांमधून निवडली जाई, आणि तीत मोठ्या मालकांचे वजन असे. ज्याच्याविरुद्ध गाऱ्हाणे त्याच्याच मंडळींपुढे ते मांडावे लागे.

४

जमीन कमी पेरली की हात कमी लागणार, हे करारनामा तयार करणाऱ्यांस दिसत होते. म्हणून सातव्या कलमात कुळांच्या संरक्षणाची तरतूद केली होती. पुढील सर्व वाद या कलमाच्या वाक्यरचनेतून निर्माण झाला असल्यामुळे तिच्याकडे बारकाईने पाहणे अवश्य आहे.

कलमाचा आशय असा: उत्पादकाने प्रामाणिकपणे प्रयत्न करून सामाजिक व आर्थिक उलथापालथ कमीत कमी होईल अशा रीतीने क्षेत्र घटवावे, शक्य असेल तितपत कुळांची व इतर नोकरांची नेहमीची संख्या मळ्यावर कायम ठेवावी, १९३४ व १९३५ या वर्षांत सर्व कुळांना त्यांच्या घरांत बिनभाड्याने राहू द्यावे, जळणासाठी रानात जाऊ द्यावे, आणि अन्नधान्य व वैरण पिकवण्यासाठी पडीक जमिनीचा काही भाग द्यावा. मात्र जे कूळ मालकाच्या हितास उपद्रवकारक किंवा धोकादायक ठरेल, त्यास हे संरक्षण नव्हते.

येथे तीन गोष्टी ध्यानात येतात. 'शक्य असेल तितपत' हे क्रियाविशेषण संख्या टिकवण्याच्या वाक्यांशास जोडलेले आहे. घरांविषयीच्या वाक्यांशास ते जोडलेले नाही. संख्या टिकवावयाची ती 'कुळांची' आहे, 'त्याच कुळांची' नव्हे. याउलट घरांच्या वाक्यांशात 'सर्व कुळांना' असे शब्द असून त्यात विशिष्ट माणसे अभिप्रेत आहेत, कारण जो आज घरात राहतो त्यालाच तेथे पुढे राहू देता येते. पहिल्या वाक्यांशात कूळ हे मोजावयाचे एकक आहे, दुसऱ्यात ती विवक्षित व्यक्ती आहे. एकाच कलमात एकाच नामाचे हे दोन अर्थ शेजारी शेजारी नांदत होते.

मालकांनी पहिल्या अर्थाचा आधार घेतला. एक कुटुंब काढून त्या जागी दुसरे आणले तर संख्या कायम राहते, असे त्यांचे म्हणणे. १९३४ साली टायरोन्झाजवळील फेअरव्ह्यू या मळ्यावरून २३ कुटुंबांना उठवण्यात आले. या मळ्याचे मालक हायरम नॉरक्रॉस हे मूळचे वकील होते. त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात त्या परिसरातील शाळेच्या खोलीत ११ गोरे आणि ७ काळे असे १८ लोक जमले आणि त्यांनी दक्षिणी कूळ-शेतकरी संघाची स्थापना केली. टायरोन्झात कपडे धुण्याचे दुकान चालवणारे एच. एल. मिचेल आणि त्यांच्या शेजारी पेट्रोल विकणारे क्ले ईस्ट हे या कामात प्रमुख होते. १९१९ साली याच राज्यातील एलेन येथे काळ्या कुळांनी संघटना उभारली असता त्यांची कत्तल झाली होती. ती घटना पंधरा वर्षांचीच जुनी असल्यामुळे काळ्या व गोऱ्या कुळांनी एकाच संघात यावे या निर्णयाचे मोल आपण ओळखले पाहिजे.

संघाने सातव्या कलमाच्या आधारे नॉरक्रॉस यांच्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. १९३५ साली अर्कान्साच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की करार सरकार आणि उत्पादक यांच्यात झालेला आहे. कुळे त्याचे पक्षकार नाहीत, सबब त्यांना त्यावर दावा लावता येत नाही. ज्यांच्या संरक्षणासाठी कलम लिहिले होते त्यांचा उल्लेख त्या कलमात तृतीय पुरुषात होता, आणि तृतीय पुरुषास न्यायालयात बोलण्याचा अधिकार नव्हता.

५

कलमाचा अर्थ लावण्याचा प्रश्न वॉशिंग्टनला पोहोचला. १९३५ च्या जानेवारीत मेरी कॉनर मायर्स या वकील बाईंना चौकशीसाठी अर्कान्सात पाठवण्यात आले. त्यांचा अहवाल कधीच प्रसिद्ध झाला नाही. त्याच महिन्यात वॉर्ड रॉजर्स या तरुण धर्मोपदेशकास मार्क्ड ट्री येथील भाषणाबद्दल अराजक माजवण्याच्या आरोपाखाली अटक झाली.

शेती-समायोजन प्रशासनाच्या कायदा विभागाचे प्रमुख जेरोम फ्रँक होते. त्यांच्या हाताखालील अल्जर हिस यांनी सातव्या कलमाचा जो अर्थ लावला, त्याप्रमाणे मालकाने कुळांची केवळ संख्या नव्हे, तर तीच कुळे मळ्यावर ठेवणे बंधनकारक होते. प्रशासक चेस्टर डेव्हिस दौऱ्यावर असताना हा अर्थ आदेश म्हणून राज्यांकडे रवाना झाला. डेव्हिस यांनी परत येताच तो रद्द केला आणि फेब्रुवारी १९३५ मध्ये फ्रँक व त्यांच्या काही सहकाऱ्यांस सेवेतून दूर केले. शेतीमंत्री हेन्री वॉलेस यांनी डेव्हिस यांची बाजू घेतली.

या निर्णयामागील विचार समजून घेणे न्यायाचे होईल. मालकांनी सह्या केल्या नाहीत तर क्षेत्र घटणार नाही. क्षेत्र घटले नाही तर भाव चढणार नाहीत. आणि भाव न चढल्यास कुळाचाही लाभ नाही, अशी प्रशासनाची विचारसरणी होती. शिवाय सिनेटमधील बहुमतपक्षाचे नेते जोसेफ रॉबिन्सन हे अर्कान्साचेच होते, आणि दक्षिणेकडील सभासदांना दुखवून राष्ट्राध्यक्षांचे कोणतेच विधेयक पुढे सरकले नसते. भाव चढलेही, १९३३ सालीच ते १० सेंटांच्या आसपास आले. तात्पर्य, कलमाचा सौम्य अर्थ स्वीकारण्यात केवळ निष्काळजीपणा नव्हता. ती एक राजकीय निवड होती, आणि तिची किंमत ज्यांची सही नव्हती अशांनी मोजली.

६

जानेवारी १९३६ मध्ये संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रक्रिया-कर आणि त्यावर आधारलेले करार घटनाबाह्य ठरवले. त्यानंतर १९३६ च्या मृदसंधारण कायद्याने व १९३८ च्या नव्या शेती-समायोजन कायद्याने अनुदान पुन्हा सुरू झाले. संघाची चळवळ, १९३५ सालचा कापूस-वेचणाऱ्यांचा संप आणि वृत्तपत्रांतील टीका यांचा परिणाम होऊन या नव्या योजनांत क्रॉपराचा वाटा वाढवण्यात आला. कागदावर ही मोठी सुधारणा होती.

परंतु नियमात वाटा होता तो 'क्रॉपरा'स. रोजंदारीवरील मजुरास अनुदानात कोणताही हिस्सा नव्हता. म्हणून ज्या मालकास पूर्ण रक्कम स्वतःकडे ठेवावयाची असेल, त्याने क्रॉपरास काढून त्याच जमिनीवर मजूर लावावा, हा मार्ग मोकळा होता. पॉइनसेटच्या उत्तरेस थोड्याच अंतरावर मिसुरी राज्याचा आग्नेय कोपरा आहे. जानेवारी १९३९ मध्ये तेथील हजाराहून अधिक माणसे, बायकामुलांसह आणि किडुकमिडुक सामानासह, ६० आणि ६१ क्रमांकांच्या हमरस्त्यांच्या कडेला कडाक्याच्या थंडीत येऊन बसली. ओवेन व्हिटफील्ड हे या निदर्शनाचे नेते होते. जमिनीवरून उठवलेल्या या लोकांची मुख्य तक्रार हीच होती, की अनुदानातील वाटा द्यावा लागू नये म्हणून मालक क्रॉपरांस मजूर करीत आहेत.

जनगणनेचे आकडे या स्थित्यंतराची साक्ष देतात. दक्षिणेत १९३० साली सुमारे ७ लाख ७६ हजार क्रॉपर होते. १९४० साली ते सुमारे ५ लाख ४१ हजार राहिले. ही सर्व घट अनुदानामुळे झाली असे म्हणणे अतिव्याप्त होईल. ट्रॅक्टर येऊ लागले होते, शहरांकडे ओढा होता. तथापि ट्रॅक्टर घेण्यास लागणारे रोख भांडवल मालकांच्या हाती येण्याचा एक मार्ग सरकारी धनादेश हाच होता, हेही विसरता येत नाही.

यातून एक सामान्य निष्कर्ष काढता येतो. एखाद्या संज्ञेस पैशाचा हक्क चिकटवला, परंतु ती संज्ञा कोणास लावावयाची याचा अधिकार पैसा देणे लागणाऱ्याच्याच हाती ठेवला, तर हक्क वाढेल तसतशी ती संज्ञा धारण करणारी माणसे कमी होत जातात. अमेरिकेच्या पुढील कायद्यांतही याचा प्रत्यय येतो. १९७० साली एका पिकासाठी एका 'व्यक्ती'स ५५,००० डॉलरांहून अधिक अनुदान देऊ नये अशी मर्यादा आली, तेव्हा एकच शेत कागदोपत्री अनेक व्यक्तींत विभागण्याचे प्रकार सुरू झाले. १९८७ साली 'शेतीत सक्रिय सहभाग' असलेल्यासच अनुदान अशी अट आली, तेव्हा देखरेख आणि व्यवस्थापन हाही सहभागच ठरला.

७

आपल्याकडील अभ्यासकास ही हकीगत अगदीच परकी वाटू नये. मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन कायदा, १९४८ यात 'जातीने कसणे' या संज्ञेची व्याख्या आहे. स्वतःच्या श्रमाने, कुटुंबीयांच्या श्रमाने, किंवा स्वतःच्या देखरेखीखाली रोख वा धान्यरूपी मजुरी देऊन गड्यांकडून जमीन करून घेणे, हे सर्व तीत येते. पिकातील हिस्सा देऊन करून घेणे मात्र येत नाही. वाटेकरी आणि मजूर यांमधील जी रेघ पॉइनसेटमध्ये मालकाच्या मर्जीवर होती, ती येथे कायद्याने स्पष्ट आखली. पण रेघ स्पष्ट झाली म्हणजे ती ओलांडून माणूस पलीकडे ढकलण्याचा मोह संपतो असे नाही, हे १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाच्या आगेमागे कुळांनी 'राजीखुशीने' दिलेल्या राजीनाम्यांचा इतिहास पाहिला म्हणजे कळते.

फेब्रुवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री किसान सन्मान निधी योजनेत शेतकरी कुटुंबास वर्षाला ६,००० रुपये देण्याची तरतूद करण्यात आली. पैसा थेट बँकेच्या खात्यात जमा होत असल्यामुळे पॉइनसेटच्या मळेवाल्याप्रमाणे मधल्या माणसाच्या हातून जाण्याचा प्रश्न नाही. परंतु योजनेच्या नावात 'किसान' असला तरी पात्रता भूमी-अभिलेखातील जमीनधारकाची आहे. तोंडी बोलीने बटईने, मक्त्याने किंवा अर्धेलीने दुसऱ्याची जमीन करणारा या व्याख्येत बसत नाही. त्याउलट ओडिशाच्या 'कालिया' योजनेत भागधारक शेतकऱ्यांचा व भूमिहीनांचा अंतर्भाव करण्यात आला. व्याख्या व्यापक करणे प्रशासनास अशक्य नसते, एवढे यावरून म्हणता येईल.

अशा योजनांचा इतिहास लिहू पाहणाऱ्या संशोधक विद्यार्थ्याने रकमांच्या तक्त्याआधी व्याख्यांचे पान उघडावे. कोणत्या नामास पैसा लागला आहे, त्या नामाचा अर्थ कोण ठरवतो, 'शक्यतो' आणि 'यथासंभव' यांसारखी क्रियाविशेषणे कोणत्या वाक्यांशास जोडलेली आहेत, आणि ज्याच्यासाठी तरतूद आहे तो त्या मजकुरात सही करणारा आहे की केवळ उल्लेखिलेला, हे चार प्रश्न त्याने प्रथम विचारावेत. टायरोन्झा येथे मिचेल व ईस्ट यांच्या जुन्या दुकानांच्या जागी २००६ साली कूळ-शेतकऱ्यांचे संग्रहालय उघडण्यात आले. करारावर ज्यांची सही नव्हती त्यांची स्मृती तेथे जतन केलेली आहे. त्यांच्या हक्कांचा निकाल ज्या वाक्यांनी लावला ती वाक्ये मात्र कायद्यांच्या व नियमांच्या पानांत विखुरलेली आहेत, आणि ती वाचणे हे आपल्यासारख्यांचे काम आहे.